सहा इंची दुर्बिणीतून, पुन्हा पुन्हा

दुर्बीण घेतल्याचं कळलं की लोक विचारतात, "किती लांबचं दिसतं हिच्यातून?" देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं लांब आहे आणि अंधाऱ्या गावातून ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. तेव्हा लांबचं पाहायला दुर्बीण लागतेच असं नाही. ती लागते जास्त प्रकाश गोळा करायला आणि एकमेकांना चिकटलेल्या दोन गोष्टी सुट्या करून दाखवायला. माझी दुर्बीण सहा इंची आहे, म्हणजे तिच्या नळीच्या तळाशी 150 मिलिमीटर व्यासाचा आरसा आहे. अंधारात पूर्ण उघडलेली डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरची धरली, तर हा आरसा तिच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. तरीही हौशी निरीक्षकांत ही लहान दुर्बीणच समजली जाते. तिच्याबरोबरची माझी वर्षं कशी गेली ते इथे लिहिते आहे. त्याच त्या दहा-बारा गोष्टींकडे ऋतूमागून ऋतू परत जात राहिलं की लहान दुर्बिणीतही दर वेळी थोडं अधिक दिसू लागतं, हा माझा अनुभव आहे आणि तो कोणाच्या तरी उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

विकत घेण्याआधी मी दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून पाहिलं. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्याकडे त्याची सोय चांगली आहे. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, इतर शहरांतही लहान-मोठे गट आहेत. अमावास्येच्या जवळचा शनिवार धरून गावाबाहेरच्या माळावर रात्रभराचं आकाशदर्शन ठरतं. ज्या अमावास्येला घरातली वडीलधारी माणसं प्रवासाला निघू देत नाहीत, तिचीच ही मंडळी महिनाभर वाट पाहत असतात. अशा माळावर ओळीने मांडलेल्या दुर्बिणींतून एकच गोष्ट आळीपाळीने पाहिली की दुकानातल्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी जास्त कळतं. खोक्यावर पाचशे-सहाशे पट मोठं दिसेल असं छापलेली बारीक नळी लटपटत्या तिपाईवर कशी थरथरते, ते तिथेच समजतं. व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट, ही वर्धनाची साधारण कमाल मर्यादा. माझ्यासाठी ती तीनशे पट होते, आणि आपल्या हवेत मी दोनशेच्या पुढे क्वचितच जाते. बहुतेक काम 48 आणि 120 पटींवर होतं, कारण आरशाचं नाभीय अंतर 1200 मिलिमीटर आहे आणि माझ्याकडचे मुख्य आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, 25 आणि 10 मिलिमीटरचे आहेत; पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की पटी मिळतात.

माझ्या दुर्बिणीला तिपाई नाही. फळ्यांची एक बसकी बैठक जमिनीवर राहते आणि नळी तिच्यात दोन गोल कानांवर टेकते. वर-खाली आणि गोल गोल, एवढ्याच हालचाली. या रचनेला डॉब्सोनियन म्हणतात आणि तिच्यामागच्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जॉन डॉब्सन (1915–2014) हे 1944 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले आणि तिथे संन्यासी म्हणून राहिले. जहाजाच्या गोल खिडक्यांची जुनी जाड काच मिळवायची, ती हाताने घासून आरसा करायचा, नळी पुठ्ठ्याची आणि बैठक प्लायवूडची, असा त्यांचा उद्योग मठात राहूनच चालला. या दुर्बिणींपायी त्यांना 1967 मध्ये मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी काही तरुण सोबत्यांबरोबर रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणारा गट सुरू केला. आज जगभरात माझ्यासारख्या सामान्य पगारदार माणसाला चांगला सहा इंची आरसा परवडतो, त्यात त्यांच्या या साध्या बैठकीचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

मोटर नसल्यामुळे ग्रह-तारे दृश्यातून सरकत जातात. 120 पटींवर गुरू एका कडेकडून दुसऱ्या कडेला दीड-पावणेदोन मिनिटांत पोचतो, मग नळीला बोटाने हलकेच ढकलायचं. काही आठवड्यांनी ते बोट आपोआप काम करू लागतं. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं असतं, इथे तिचा वेग हाताला कळतो. दुर्बीण बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, कारण घरातल्या हवेत तापलेला आरसा बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत प्रतिमा उकळत असते. तळाचा मोठा आणि तोंडाजवळचा लहान दुय्यम असे दोन्ही आरसे एका रेषेत आणायचं काम, ज्याला कॉलिमेशन म्हणतात, ते माझ्या लांब नाभीच्या दुर्बिणीत फार नाजूक नाही. मधोमध बारीक छिद्र पाडलेलं एक झाकण आणि मागचे तीन स्क्रू, एवढ्यावर पाच मिनिटांत होतं.

सुरुवात चंद्रापासून केली आणि अजूनही प्रत्येक महिन्याची सुरुवात त्याच्यापासूनच होते. चंद्रावर पाहायची जागा म्हणजे उजेड आणि अंधार जिथे भेटतात ती रेषा. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, सावल्या लांब पडतात आणि शे-दोनशे मीटर उंचीचा चढही उठून दिसतो. ही रेषा कोणत्या दिवशी कुठे असेल ते सांगायला आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. शुद्ध पंचमी-षष्ठीला थिओफिलस विवर आणि त्याचे दोन शेजारी. अष्टमीला ॲपेनाइन पर्वतांची रांग. अष्टमी-नवमीला सरळ कडा, नवमी-दशमीला कोपर्निकस, द्वादशीच्या सुमाराला लखलखीत ॲरिस्टार्कस. तिथी पाहून निरीक्षणाला निघायची ही सवय मला फार आवडते. पंचांग ज्या मोजणीवर उभं आहे, तीच मोजणी दुर्बिणीत डोळ्यांसमोर सरकताना दिसते.

सरळ कड्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण परत परत पाहण्याची गोडी मला त्यानेच लावली. मेघांचा समुद्र नावाच्या सपाट प्रदेशात सुमारे 110 किलोमीटर लांबीचा हा एक खचाव आहे, उंची दोनशे-तीनशे मीटर. शुद्ध पक्षात सूर्य पूर्वेकडून येतो आणि कड्याची सावली पश्चिमेला पडते, त्यामुळे तो पेन्सिलीने ओढलेल्या काळ्या रेघेसारखा दिसतो. पौर्णिमेला तो जवळजवळ नाहीसा होतो. वद्य अष्टमीच्या सुमाराला पहाटे उठून पाहिलं की त्याच जागी पांढरी चकचकीत रेघ असते, कारण आता ऊन कड्याच्या तोंडावर पडलेलं असतं. रेघ काळी असताना आणि पांढरी असताना अशी दोन्ही चित्रं मी वहीत काढली आहेत. सावलीच्या लांबीवरून आणि सूर्याच्या उंचीवरून कड्याची उंची काढता येते. ते गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे आणि नववी-दहावीच्या मुलांकडून ते करून घेताना मला फार आनंद झाला.

चित्र काढण्याचा आग्रह मी सगळ्यांना करते. माझा हात चांगला असण्या-नसण्याचा इथे संबंध नाही. कागदावर काय उतरवायचं ते ठरवताना डोळा पंधरा-वीस मिनिटं एका जागी थांबतो आणि ज्या गोष्टी पहिल्या मिनिटाला नव्हत्या त्या दिसू लागतात. क्लेव्हियस विवराच्या आत लहान होत जाणाऱ्या विवरांची एक कमान आहे. आधी तिच्यात तीन-चारच विवरं दिसत, पुढच्या महिन्यांत चित्र काढता काढता कमानीच्या टोकाची बारीक विवरंही वहीत आली. दुर्बीण तीच, आयपीस तोच.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीला दुर्बीण आणण्याचा आग्रह होतो. मी आणते, आणि चंद्राचे सागर आणि टायको विवरापासून निघालेले किरण दाखवते. पण पौर्णिमेला तिथे भर दुपार असते, सावली नाही, विवरं सपाट दिसतात. म्हणून आदल्या आठवड्यातल्या अष्टमीला या, असं मी सगळ्यांना सांगून ठेवते आणि आता बरेच जण येतात. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या काकूंनी एकदा उपास सोडण्याआधी दुर्बिणीतून चंद्र पाहिला, तेव्हापासून गच्चीवर असले तर दर संकष्टीला त्यांची खेप ठरलेली. वद्य चतुर्थीचा चंद्र निरीक्षणाला फार चांगला असतो. पूर्वेकडच्या कडेला सावल्या पुन्हा पसरायला लागलेल्या असतात आणि संकटांचा समुद्र सूर्यास्ताच्या तिरक्या उन्हात येतो. एरवी पौर्णिमेपर्यंतच पाहणाऱ्यांना ही बाजू माहीतच नसते.

गुरूकडे मी वेगळ्या कारणाने परत जात राहिले. त्याचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिले, ते कोणत्याही लहान दुर्बिणीत दिसतात आणि रोज जागा बदलतात. सर्वांत आतला आयो एक दिवस आणि अठरा-साडेअठरा तासांत फेरी पूर्ण करतो. तो गुरूच्या सावलीत शिरतो किंवा तिच्यातून बाहेर येतो ती वेळ मी एका हंगामात नोंदवत गेले. गुरू प्रतियुतीला, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, येण्याआधी शिरण्याचा क्षण दिसतो, नंतर बाहेर पडण्याचा. प्रतियुतीनंतर पृथ्वी गुरूपासून लांब जाऊ लागते, तसं प्रकाशाला यायला जास्त अंतर कापावं लागतं, आणि सरासरी फेरीवरून मांडलेल्या हिशेबापेक्षा आयो उशिरा उगवायला लागतो. हाच उशीर पाहून ओले रोमर यांनी 1676 मध्ये प्रकाशाला वेग आहे असं सांगितलं होतं. पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला साडेसोळा मिनिटांच्या आसपास लागतात. माझ्या नोंदींत त्यातली काही मिनिटं स्पष्ट दिसली. गच्चीवर, मोबाइलच्या घड्याळाने, सहा इंची आरशाने. त्या रात्री मी घरातल्यांना उठवून तो तक्ता दाखवला होता आणि अजूनही ती वही मी जपून ठेवली आहे.

शहरातून हे सगळं चालतं, कारण चंद्र-ग्रहांना अंधार लागत नाही, स्थिर हवा लागते. पुण्यात हिवाळ्याच्या सुरुवातीला ज्या संध्याकाळी हवेत धुरकट थर बसलेला असतो, तारे मंद दिसतात पण लुकलुकत नाहीत, त्या रात्री शनी आणि गुरू सुरेख दिसतात. पाऊस पडून आकाश लख्ख धुतलं गेलं आणि तारे जोरात लुकलुकत असले, तर त्या रात्री ग्रह पाण्याखाली असल्यागत हलतात. हवेची ही ओळख व्हायला दोन हिवाळे लागतात, लागू द्यावेत. शनीची कडी मार्च 2025 मध्ये आपल्याला काठावरून दिसणाऱ्या स्थितीतून गेली आणि त्यानंतर तिरकी होत उघडायला लागली आहे. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, त्यामुळे हे उघडणं-मिटणं पाहायला सात-आठ वर्षांचा धीर लागतो. दर हंगामात एक चित्र काढलं तरी पुरे.

अंधार लागतो तो तेजोमेघांना, तारकागुच्छांना, दीर्घिकांना. त्यासाठी मी गावी जाते. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, पर्जन्यछायेत. पाऊस कमी, हवा कोरडी आणि गावाबाहेर पडलं की क्षितिजापर्यंत दिवा नाही. शेतीच्या दृष्टीने ज्या कोरडेपणाने या भागाला छळलं, त्याच कोरडेपणाने आकाश दिलं आहे. तिथे गेल्यावर पहिला अर्धा तास काहीच पाहायचं नाही, डोळा अंधाराला सरावू द्यायचा. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद चढवायचा आणि मोबाइल खिशाबाहेर काढायचा नाही. मग अंधूक गोष्टीकडे थेट न पाहता तिच्या जरा बाजूला नजर ठेवायची. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग रंग आणि तपशील पाहतो, मंद प्रकाश त्याच्या भोवतालच्या पेशींना जास्त कळतो. हे ऐकायला सोपं आहे. सवय व्हायला कितीतरी रात्री जातात.

नवख्यांना मी कंकण तेजोमेघापासून सुरुवात करायला सांगते. दसरा-दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी अभिजित हा तारा वायव्येला चांगला उंच असतो. त्याच्या वरच्या बाजूला स्वरमंडळ तारकासमूहातल्या चार ताऱ्यांचा तिरका चौकोन आहे, त्याच्या टोकाच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मधोमध हा तेजोमेघ. फाइंडरमधून, म्हणजे नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून, दिसत नाही, त्यामुळे जागा ताऱ्यांवरूनच ठरवायची. 48 पटींवर तो फुगीर ताऱ्यासारखा वाटतो आणि लोक त्याच्यावरून पुढे निघून जातात. 120 पटींवर नजर जरा बाजूला ठेवली की करड्या रंगाचं वलय उमटतं, मधला भाग काळा. मरणाऱ्या एका ताऱ्याने फेकलेला हा वायू, अंतर अडीच हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. फोटोंत त्याला लाल-निळे रंग असतात, दुर्बिणीत तो करडाच दिसतो, आणि मला तो करडाच प्रिय आहे, कारण तो प्रकाश थेट माझ्या डोळ्यात शिरलेला असतो. पुढच्या फेऱ्यांत वलय लांबट आहे हे लक्षात आलं, नंतर एका कोरड्या रात्री मधला भाग पूर्ण काळा नसून पातळ धुक्याने भरलेला आहे हेही दिसलं.

गावी चैत्र-वैशाखात जाण्याचं कारण दक्षिणेकडे आहे. मध्यरात्रीच्या सुमाराला नरतुरंग तारकासमूह मधोमध येतो आणि त्यातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ माणहून पंचवीसेक अंश उंचीवर असतो. नुसत्या डोळ्यांना तो पुसट तारा दिसतो. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. लंडनहून तो क्षितिजाच्या वर कधीच येत नाही आणि आम्ही अंगणातून पाहतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. आधी तो एक मोठा धुरकट गोळा होता. आयपीसला डोळा लावून शांत बसलं की काळ्या दगडावर रवा सांडावा तसे त्याच्यात कण सुटायला लागतात, कडेपासून सुरू होऊन आत आत.

गावात माझे चुलते, आप्पा, रात्री पाण्याची पाळी धरून परतताना माझ्याजवळ थांबतात. त्यांना आकाश माझ्याआधीपासून येतं. मृगातले तीन तारे त्यांचं तिकांडं, सप्तर्षी त्यांचं बाजलं. बाजल्याचे चार खूर आणि मागे लागलेले तीन चोर, ही गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली. त्यांना मी वसिष्ठ-अरुंधती दाखवले. लग्नात नवऱ्या मुलीला दाखवतात ती जोडी नुसत्या डोळ्यांनीही सुटी दिसते.

आप्पांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आगं, ह्यो वशिष्ठाला आणि एक चिकटलाय, त्यो कोण?"

मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. वसिष्ठ हा स्वतःच जोडतारा आहे, दोघांत चौदा विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अंतर आहे आणि हे सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच दुर्बिणीतून लक्षात आलं होतं. आप्पांनी तो आपणहून ओळखला. त्या दिवसापासून कोणालाही दुर्बिणीतून दाखवताना मी आधी काय दिसेल ते सांगत नाही.

जोडतारे ही लहान दुर्बिणीची खास मिरास आहे. शहरातून दिसतात, चांदण्यातही दिसतात. 150 मिलिमीटरच्या आरशाला सिद्धान्ताने पाऊण विकलेइतकं अंतर सुटं करता येतं. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ सोनेरी आणि निळा, कोणालाही पहिल्याच नजरेत आवडतो. कन्या राशीतला पोरिमा माझा लाडका. त्याचे दोन तारे जवळजवळ सारख्या तेजाचे आहेत आणि एकमेकांभोवती सुमारे 169 वर्षांत फिरतात. 2005 मध्ये ते एकमेकांच्या इतके जवळ होते की लहान दुर्बिणीत एकच तारा दिसे. त्यानंतर ते दूर होत गेले आणि आता त्यांच्यात तीन विकलांहून जास्त अंतर आहे. 120 पटींवर दोन टपोरे दिवे, मध्ये काळी फट. दर उन्हाळ्यात मी ती फट पाहते. वर्षभरात फरक कळत नाही, पण दोन तारे आपल्या कक्षेत पुढे सरकत आहेत आणि आपण त्या प्रवासाच्या एका तुकड्याचे साक्षीदार आहोत, हे मनात असतं.

तेज बदलणाऱ्या ताऱ्यांकडे मी सर्वांत शेवटी वळले. तिमिंगल तारकासमूहातला मीरा सुमारे 332 दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसण्यापासून नवव्या प्रतीपर्यंत (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) मंदावतो आणि परत येतो. डाव्हिड फाब्रिट्सियस यांनी 1596 मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. काम सोपं आहे: ज्यांचं तेज माहीत आहे अशा शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून अंदाज लिहायचा. नकाशात ताऱ्यांपुढे 8.4 ऐवजी 84 छापतात, दशांशचिन्हाचा ठिपका तारा समजला जाऊ नये म्हणून. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही 1911 मध्ये स्थापन झालेली संस्था जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी घेते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. या कामात आपला एक थोर माणूस होऊन गेला. राधागोविंद चंद्र. बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात साधी नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी तीन इंची दुर्बिणीवर सुरुवात केली आणि एएव्हीएसओला 37 हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. संस्थेने त्यांना वापरायला सहा इंची दुर्बीण पाठवली. ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बापूंकडे आली आणि शेवटी तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत पोचली. माझ्या आरशाचा व्यासही सहा इंच. नोंद पाठवताना मला त्यांची आठवण येते आणि आळस करावासा वाटत नाही.

पावसाळ्यात दुर्बीण बंद. मृगाच्या पहिल्या सरींपासून नवरात्रापर्यंत आमच्याकडे शत्रू एकच, बुरशी. आयपीसच्या काचेवर ती एकदा बसली की कोरून काढल्यासारखे डाग राहतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी, तिचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा डब्यात. आरशावर धूळ बसली तरी चालते, घासून पुसायची नाही. वर्षा-दोन वर्षांतून एकदा नळाच्या धारेखाली धुऊन शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खंगाळायचा आणि उभा करून निथळू द्यायचा. सूर्याकडे दुर्बीण करायची तर तोंडाशी, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाला, त्यासाठीच बनवलेला फिल्टर घट्ट बसवूनच. मुलं आसपास असतील तर मी दिवसा नळीला झाकण लावून ती भिंतीकडे वळवून ठेवते.

सध्या माझा सगळा जीव एका गोष्टीत अडकला आहे, व्याध ताऱ्याच्या सोबत्यात. व्याध डुलत चालतो यावरून त्याला न दिसणारा जोडीदार असला पाहिजे, असं खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी 1844 मध्ये सांगितलं होतं. 31 जानेवारी 1862 रोजी अल्व्हान ग्रॅहम क्लार्क यांनी साडेअठरा इंची भिंगाची चाचणी घेताना तो पाहिला. तो श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा आहे, आकाराने पृथ्वीएवढा आणि वस्तुमानाने जवळपास सूर्याएवढा. पन्नास वर्षांत तो व्याधाभोवती फेरी घालतो. 2020 नंतरच्या काही वर्षांत तो सर्वांत दूर, म्हणजे अकरा विकलांच्या आसपास होता. आता अंतर कमी होत जाईल आणि 2040 च्या दशकात तो पुन्हा व्याधाच्या झगमगाटात बुडेल. अंतराच्या मानाने तो सोपा आहे. अवघड आहे तो तेजामुळे, कारण व्याध त्याच्या जवळजवळ दहा हजार पट तेजस्वी आहे.

सराव म्हणून मी राजन्य घेतला. मृगाच्या पायाशी असलेल्या या ताऱ्यालाही साडेनऊ विकलांवर एक मंद सोबती आहे. तो स्थिर हवेत 120 पटींवर दिसतो, आधी क्षणभर, नंतर सलग. आता मी राजन्य पाहिल्याशिवाय व्याधाकडे वळत नाही. त्या रात्री राजन्याचा सोबती दिसला नाही तर व्याधाचा दिसण्याचा प्रश्नच नाही आणि दुर्बीण मृगाच्या तेजोमेघाकडे जाते. त्याच्या पोटातल्या चार ताऱ्यांच्या चौकटीत पाचवा आणि सहावा तारा सुटा होतो का, ते पाहण्यात रात्र छान जाते.

पुण्याहून व्याध जवळजवळ पंचावन्न अंश उंच चढतो, लंडनहून बावीस अंशसुद्धा नाही. हा आपला मोठा फायदा आहे. एक-दोनदा व्याधाच्या पूर्वेला काहीतरी चमकलं, पण ते दुय्यम आरशाच्या पट्ट्यांमुळे पडणाऱ्या किरणाशी इतकं लगटलेलं होतं की वहीत मी प्रश्नचिन्ह टाकलं. येत्या मार्चसाठी बेत ठरला आहे. गुढीपाडव्याच्या आसपास सूर्य मावळतो तेव्हा व्याध मध्यमंडलावरच, म्हणजे दक्षिणेला आपल्या सर्वांत उंच जागी असतो. आकाश पुरतं काळं व्हायच्या आत, संधिप्रकाशात त्याचा झगमगाट कमी भासतो, तेव्हाच पाहायचं. नळी स्थिर ठेवून व्याधाला दृश्याच्या पश्चिम कडेबाहेर सरकू द्यायचं. सोबती पूर्वेकडे आहे, म्हणून व्याध कडेआड गेल्यावर तो अर्धा-पाऊण सेकंद एकटा उरला पाहिजे. हे एका संध्याकाळी शंभरदा करता येतं. सोसायटीतली दहावीची एक मुलगीही माझ्याबरोबर पाहणार आहे. तिची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे, तिची वही वेगळी असेल, आणि दोघींनी स्वतंत्रपणे काढलेली दिशा जुळली तरच मी माझ्या वहीतलं प्रश्नचिन्ह खोडणार आहे.